उजळाईवाडीच्या विमानतळाची जमीन आणि आकाश आताच राखून ठेवा

मा. संपादक,
स. न.

कोल्हापूर विमानतळाविषयी छापून येणाऱ्या बातम्या आणि लोकप्रतिनिधींची निवेदने वाचली, की सगळी चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरताना दिसते. धावपट्टी किती मीटरची होणार, आणि आता कोणत्या शहराला विमान सुटणार? दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण विमानतळ आखण्याच्या शास्त्रात ते बरेच नंतर येतात. स्थापत्य अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला एक कोल्हापूरकर या नात्याने, त्यांच्या आधी येणाऱ्या प्रश्नांकडे मला आपल्या वाचकांचे आणि जिल्हा प्रशासनाचे लक्ष वेधायचे आहे. विस्ताराच्या पुढच्या टप्प्याचे काम हाती घेण्यापूर्वी, आणखी वीस वर्षांनी या विमानतळाला जेवढी जमीन आणि तिच्यावरचे जेवढे मोकळे आकाश लागणार आहे, ते आजच राखून ठेवावे आणि त्याचा नकाशा आसपासच्या गावांपुढे मराठीत मांडावा, असे माझे म्हणणे आहे.

छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये हा विमानतळ सुरू केला, तेव्हा शहरापासून सुमारे नऊ किलोमीटरवरचा उजळाईवाडीचा माळ उघडा होता. आज त्याच्या एका अंगाला गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आहे, पुणे-बंगळूर महामार्ग जवळून जातो, आणि उजळाईवाडी, गडमुडशिंगी, तामगाव, नेर्ली या गावांची घरे व प्लॉट दरवर्षी थोडे थोडे पुढे सरकत आहेत. संस्थानाला जे सहज मिळाले ते आपल्याला गुंठ्याच्या भावाने विकत घ्यावे लागते, आणि उशीर होईल तसा तो भाव वाढत जातो.

धावपट्टीची दिशा ठरवण्यापासून आखणी सुरू होते आणि ती दिशा वारा ठरवतो. विमानाला उतरताना व उडताना समोरून वारा हवा असतो, आडवा वारा ठरावीक मर्यादेपर्यंतच चालतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, म्हणजे आयकाओचा, दंडक असा की धावपट्टी निदान ९५ टक्के वेळ वापरता आली पाहिजे. लांब धावपट्टी लागणाऱ्या मोठ्या विमानांसाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर, धरली जाते, आणि त्यासाठी शक्यतो पाच वर्षांच्या वाऱ्याच्या नोंदी तपासाव्यात असे सांगितले जाते. आपल्या धावपट्टीचे क्रमांक ०७ आणि २५ आहेत. चुंबकीय उत्तरेपासून अंदाजे ७० अंश आणि २५० अंश असा त्यांचा अर्थ. पावसाळ्यात सह्याद्रीवरून येणारा वारा पश्चिम-नैऋत्येकडून वाहतो आणि २५ या दिशेशी बराच जुळतो. दिशेच्या बाबतीत तरी आपल्याला तक्रारीला जागा नाही.

लांबीचे गणित मात्र लोकांना वाटते तेवढे सरळ नाही. कोणत्या विमानाला किती धावपट्टी लागते याचे छापील आकडे समुद्रसपाटीवरचे आणि १५ अंश तापमानाचे असतात. उंचीवर आणि उष्ण हवेत हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि विमानाला जास्त धावावे लागते. प्राथमिक अंदाजासाठी आयकाओने दिलेला नियम असा आहे की दर ३०० मीटर उंचीमागे लांबी सात टक्क्यांनी वाढवावी, आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा (समुद्रसपाटीला १५ अंश, उंचीबरोबर कमी होत जाणारे) जितके अंश जास्त, तितके टक्के आणखी वाढवावी. तापमान म्हणून सर्वांत उष्ण महिन्यातील रोजच्या कमाल तापमानाची सरासरी धरतात. उजळाईवाडीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०८ मीटर आहे, म्हणजे उंचीपोटी १४ टक्के वाढले. या उंचीचे प्रमाण तापमान ११ अंश येते आणि आपला एप्रिल साधारण ३७ अंशांचा धरला तर फरक २६ अंशांचा, म्हणजे आणखी २६ टक्के. दोन्ही वाढी एकावर एक घेतल्या की एकूण वाढ ४४ टक्क्यांच्या आसपास जाते. उंची व तापमानाची मिळून वाढ ३५ टक्क्यांच्या पुढे गेली, तर या ढोबळ नियमावर न विसंबता स्वतंत्र अभ्यास करावा, असे आयकाओची मार्गदर्शिकाच सांगते. कोल्हापूर त्या मर्यादेपलीकडे आहे.

हेच गणित विमानांना लावून पाहू. पूर्ण भाराच्या एटीआर ७२ या सुमारे सत्तर आसनी, पंख्याच्या विमानाला समुद्रसपाटीवर सुमारे १,३०० मीटर लागतात, ते आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी १,८७० मीटरच्या घरात जातात. पूर्वीची १,३७० मीटरची धावपट्टी त्याला का अपुरी होती आणि ती १,९३० मीटरपर्यंत का वाढवावी लागली, हे यावरून स्पष्ट होते. एअरबस ए ३२० या मोठ्या जेट विमानाला पूर्ण भाराने सुमारे २,१०० मीटर लागतात असे धरले, तर उजळाईवाडीत तो आकडा ३,००० मीटरपर्यंत पोचतो. मग आपल्या धावपट्टीची नियोजित २,३०० मीटर लांबी वाया जाणार का? मुळीच नाही. मुंबई, बंगळूर, हैदराबाद अशा जवळच्या पल्ल्यांसाठी इंधन कमी भरावे लागते, वजन घटते आणि तेवढ्या लांबीत ते विमान उडू शकते. पण “२,३०० मीटर झाले की कुठलेही विमान कुठेही जाईल” हे जे सभांमधून ऐकू येते, ते खरे नाही. उन्हाळ्याच्या दुपारी लांबच्या शहराला जायचे असेल तर विमान कंपनी काही आसने रिकामी ठेवील किंवा वेळ पहाटेची घेईल. नागरिकांना हे आधी सांगितलेले बरे, म्हणजे नंतर फसवणुकीची भावना होत नाही. शिवाय एटीआर भरून २३ टनांचे असते आणि ए ३२० त्याच्या तिपटीहून जड, सुमारे ७८ टनांचे. नुसती लांबी वाढवून भागत नाही, जुन्या भागाच्या थरांची भार पेलण्याची क्षमताही वाढवावी लागते. अग्निशमनाची श्रेणीसुद्धा विमानाच्या लांबीप्रमाणे पाचवरून सहावर जाते, म्हणजे जास्त पाणी, जास्त फोम आणि मोठे बंब आले.

धावपट्टी ही विमानतळाला लागणाऱ्या जमिनीचा लहानसाच भाग असते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. उपकरणांच्या साहाय्याने, म्हणजे कमी दृश्यमानतेतही, विमान उतरवायचे असेल तर मोठ्या धावपट्टीच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १४० मीटर, मिळून २८० मीटर रुंदीची सपाट, अडथळामुक्त पट्टी लागते आणि ती दोन्ही टोकांना ६० मीटर पुढे जाते. २,३०० मीटरच्या धावपट्टीसाठी एवढ्या एकाच गोष्टीला सुमारे ६८ हेक्टर, म्हणजे १६७ एकर जमीन लागते. टर्मिनल, ॲप्रन (विमाने उभी करण्याची फरसबंदी), पार्किंग यांचा हिशेब वेगळाच. पावसाळ्यात ढग खाली उतरले की कोल्हापूरचे विमान रद्द झाल्याचा अनुभव अनेकांना आहे. त्यावर “आयएलएस बसवा”, म्हणजे कमी दृश्यमानतेत विमानाला रेडिओ संकेतांनी धावपट्टीची वाट दाखवणारी यंत्रणा बसवा, असा सोपा उपाय सुचवला जातो. यंत्र बसवता येते, पण त्याचा पूर्ण लाभ घ्यायला ही रुंदी हवी आणि उतरण्याच्या बाजूला ९०० मीटर लांबीची दिव्यांची रांग हवी. म्हणजे प्रश्न फिरून जमिनीवरच येतो, आणि आपण मात्र लांबीचे भूसंपादन करताना रुंदीचे विसरतो.

पट्टीच्या पुढे दोन्ही टोकांना सुरक्षाक्षेत्र लागते. विमान धावपट्टीवर थांबले नाही किंवा धावपट्टीच्या अलीकडे टेकले, तर त्याचे नुकसान कमी व्हावे म्हणून ठेवलेली ही मोकळी जागा. ती किमान ९० मीटर बंधनकारक असून शिफारस २४० मीटरची आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूरला आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला विमाने धावपट्टी ओलांडून उतारावरून कोसळली, आणि पठारावरच्या विमानतळांवर टोकापलीकडे सपाट जमीन असण्याचे मोल देशाला फार मोठी किंमत मोजून कळले. त्यामुळे माझा आग्रह आहे की धावपट्टी काही मीटर कमी झाली तरी चालेल, पण २४० मीटरच्या सुरक्षाक्षेत्राला कोणत्याही टप्प्यावर हात लावू नये. ६० आणि २४० मिळून प्रत्येक टोकाला ३०० मीटर धरले, की २,३०० मीटरच्या धावपट्टीला २,९०० मीटर लांबीची जमीन हवी. हा आकडा बातम्यांत क्वचितच दिसतो.

आता आकाशाकडे येतो, कारण माझ्या मते कोल्हापूरपुढचा खरा धोका तिथे आहे. विमानतळाभोवती चार किलोमीटरपर्यंत विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर एक काल्पनिक छत मानले जाते. त्याच्यापलीकडे ते वीस मीटरला एक मीटर या उताराने वर चढत जाते. धावपट्टीच्या दोन्ही टोकांसमोर तर नियम फारच कडक होतो. तिथे पहिले तीन किलोमीटर उतार केवळ दोन टक्के असतो, म्हणजे पट्टीच्या टोकापासून एक किलोमीटरवर टोकाच्या पातळीपेक्षा फक्त २० मीटर उंचीची मुभा. सहा मजली इमारतीवर पाण्याची टाकी आणि मोबाईलचा टॉवर उभा केला की ही मर्यादा संपली. धावपट्टी पुढे सरकली की हा सगळा आराखडाही तिच्याबरोबर पुढे सरकतो. काल जे घर नियमात होते ते उद्या अडथळा ठरू शकते, आणि त्यात घरमालकाचा काहीही दोष नसतो.

सोलापूरकरांनी याचा अनुभव घेतला आहे. तिथल्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची उंच चिमणी होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरली, वाद वर्षानुवर्षे न्यायालयात आणि रस्त्यावर चालला, अखेर जून २०२३ मध्ये ती पाडली गेली आणि त्यानंतरही विमानसेवा सुरू व्हायला जून २०२५ उजाडले. चिमणी आधी की विमान आधी, या वादात कोण बरोबर होते हा मुद्दा मी इथे काढत नाही. चिमणीचा पाया खणण्यापूर्वी नकाशावर एक आडवी रेषा सर्वांना दिसली असती, तर शेतकरी सभासदांचे आणि प्रवाशांचे दोघांचेही नुकसान टळले असते, एवढेच मला म्हणायचे आहे.

केंद्र सरकारचे २०१५ चे उंचीबाबतचे नियम आहेत, विमानतळ प्राधिकरणाचे रंगीत विभागांचे नकाशे असतात, ना हरकत प्रमाणपत्राची सोय ऑनलाइन आहे. कागदावर सगळे आहे. पण तामगावात दोन गुंठे घेऊन घर बांधणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसते आणि प्लॉट विकणारा ते सांगत नाही. शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. अशा प्राधिकरणाचे पहिले काम हेच असायला हवे की धावपट्टीच्या आजच्या नव्हे तर अंतिम लांबीनुसार उंचीची मर्यादा काढावी, ती गटनंबरनिहाय प्रसिद्ध करावी आणि बिगरशेती परवाना देताना त्यावर ठळक अक्षरांत नमूद करावी. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर तो नकाशा लावायला कितीसा खर्च येतो?

आकाशाचा दुसरा शत्रू पक्षी. विमान नियम १९३७ मधील नियम ९१ प्रमाणे विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत पक्षी आकर्षित होतील अशा रीतीने उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरे कापायला बंदी आहे. दहा किलोमीटर म्हणजे जवळजवळ सगळे कोल्हापूर शहरच आले. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात मटण-चिकनच्या दुकानांतील टाकाऊ भाग कुठे जातो, महामार्गाच्या कडेला आणि ओढ्यांच्या काठाला पोत्यांतून काय फेकले जाते, हे रोज सकाळी फिरायला जाणाऱ्यांना सांगायला नको. घारी त्यावरच जगतात. हा विषय महापालिकेच्या आरोग्य विभागाचा समजला जातो, पण तो तितकाच विमानतळाचाही आहे.

१० मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झालेली नवी टर्मिनल इमारत देखणी आहे. कोल्हापूरच्या वास्तूंची आठवण करून देणाऱ्या तिच्या कमानी मलाही आवडतात. मात्र टर्मिनलची क्षमता वर्षाच्या प्रवासीसंख्येवर मोजायची नसते, ती सर्वाधिक गर्दीच्या तासावर मोजायची असते. सत्तर आसनांची दोन एटीआर एकाच तासात आली आणि गेली तर २८० प्रवासी होतात. १८० आसनांची दोन विमाने तशीच आली-गेली तर ७२०. तपासणीची रांग, सामानाचा पट्टा, स्वच्छतागृहे, बाहेर गाड्या उभ्या करण्याची जागा, सगळे या आकड्याने ठरते. आपल्याकडे एकाला सोडायला घरातले चार जण येतात, तो आकडा तर कोणत्याच परदेशी सूत्रात सापडणार नाही. म्हणून इमारत अशी आखावी की एका बाजूची भिंत काढून ती वाढवता येईल, आणि त्या बाजूला कायमचे काही बांधू नये. धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानांना जमिनीवर ये-जा करण्याचा रस्ता, नसेल तर उतरलेले विमान टोकाला वळून धावपट्टीवरूनच मागे येते आणि तेवढा वेळ दुसऱ्या विमानाला आकाशात थांबावे लागते. अशा टॅक्सीवेची जागाही मध्यरेषेपासून सुमारे १५८ मीटरवर, म्हणजे सपाट पट्टीच्या बाहेर येते. तिथे आज एखादे कार्यालय उभे राहिले तर उद्या ते पाडावे लागेल.

मागणीच्या अंदाजाबाबत थोडे स्पष्ट लिहितो. आपल्या आसपास बेळगावचा सांबरा विमानतळ आहे, गोव्यात मोपा आहे, कोकणात चिपी आहे. चिपीची धावपट्टी २,५०० मीटरची, आपल्यापेक्षा लांब. तरीही २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून तिथली सेवा सलग राहिलेली नाही. लांब धावपट्टी विमान आणत नाही, प्रवासी आणतात. सांगली, इचलकरंजी, जयसिंगपूर, निपाणी या भागांतला उद्योजक आणि महालक्ष्मीच्या दर्शनाला येणारा भाविक हे आपले खरे प्रवासी असून त्यांची मोजणी नीट झाली पाहिजे. मालवाहतुकीबद्दल फार मोठी स्वप्ने दाखवली जातात. फौंड्रीतले कास्टिंग विमानाने जाणार नाही, शिरोळच्या हरितगृहातली फुले कदाचित जातील.

शेवटचा मुद्दा पाण्याचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचे पाणी आले आणि वाहतूक बंद पडली. अशा वेळी उंच माळावरचा विमानतळ ही जिल्ह्याची आपत्कालीन वाट ठरते, त्यामुळे त्याच्यापर्यंत पोचणारा रस्ता कोणत्याही पुरात बुडणार नाही हा आखणीतला प्राथमिक निकष असला पाहिजे. त्याच वेळी विमानतळाने इतरांच्या शेतात पूर आणू नये. २,३०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद फरसबंदीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे एक कोटी तीन लाख लिटर पाणी वाहून जाते, आणि पूर्वी त्यातले बरेचसे माळात मुरत होते. ॲप्रन, टॅक्सीवे आणि पार्किंगचे पाणी त्यात मिळवलेले नाही. हे पाणी कोणत्या ओढ्याने खाली जाणार, त्या ओढ्याची रुंदी किती, काठावरच्या शेतांची नोंद झाली आहे का, याचा आराखडा भूसंपादनाच्या नोटिशीसोबतच प्रसिद्ध व्हावा. तसेच धावपट्टी लांबल्याने गावागावांना जोडणारे जे रस्ते तुटतात, त्यांचा पर्यायी मार्ग जुना रस्ता बंद करण्याआधी डांबरासह तयार असावा. ऊस भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आणि शाळेची मुले यांना “काम प्रगतिपथावर आहे” या फलकाचा उपयोग नसतो.

जिल्हाधिकारी कार्यालयाने येत्या गळीत हंगामापूर्वी उजळाईवाडी, गडमुडशिंगी, तामगाव आणि नेर्ली येथे अंतिम लांबीचा आराखडा, उंचीचा नकाशा आणि पाण्याच्या निचऱ्याचा नकाशा घेऊन ग्रामसभा बोलवाव्यात, आणि तिथे भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा जबाबदार अधिकारी उत्तरे द्यायला हजर असावा, ही माझी विनंती आपण या पत्राद्वारे संबंधितांपर्यंत पोचवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
राजारामपुरी, कोल्हापूर